फोटो बघून सहल ठरवताना : आधी फोटो वाचू या



दिवाळीची सुट्टी संपली की शाळाशाळांत एकच विषय सुरू होतो : यंदा सहल कुठे न्यायची? पूर्वी हा निर्णय गुरुजी आणि बाई स्टाफरूममध्ये बसून घेत. आता मुलंच मोबाईल पुढे करतात. "सर, इथे जाऊ या ना, हा फोटो बघा!" घरातही तेच. मे महिन्यात कुठे जायचं हे पूर्वी मामाच्या पत्रावर ठरायचं, आता इन्स्टाग्रामवरच्या रीलवर ठरतं.

यात वाईट काही नाही. फोटो पाहून पाय शिवशिवणं ही चांगलीच गोष्ट आहे. अडचण पुढे येते. दोनशे किलोमीटरचा प्रवास करून मुलं त्या जागी पोहोचतात, तोच फोटो स्वतःला मध्ये उभं करून काढतात आणि पंधरा मिनिटांत विचारतात, "आता जेवण कधी?" फोटो मिळाला, म्हणजे सहल संपली! काही वेळा याहून मोठं नुकसान होतं. फोटोत शांत दिसणारं पाणी शांत नसतं, आणि फोटोसाठी कड्याच्या टोकाला गेलेला मुलगा परत मागे येईलच असं नाही.

म्हणून या लेखात एक पाठ मांडला आहे. इयत्ता सहावीपासून पुढे कोणत्याही वर्गात घेता येईल, दोन तासिका पुरतात. पाठाचं सूत्र एवढंच : ज्या फोटोतून प्रश्न सुटतो तो फोटो बाजूला ठेवा, ज्या फोटोतून प्रश्न पडतो तिथे सहल न्या.

ही ओढ नवी नाही

मुलांना सुरुवातीला हे सांगा, की फोटो पाहून प्रवासाला निघणं मोबाईलबरोबर जन्माला आलेलं नाही. १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. कॅमेरा म्हणजे तेव्हा लाकडी पेटी, काचेच्या पट्ट्या आणि रसायनं असा बैलगाडीभर संसार. त्या सोसायटीत आपली माणसंही होती. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्यांतले एक.

अजिंठ्याची गोष्ट तर मुलांना फार आवडते. १८१९ साली जॉन स्मिथ हा इंग्रज अधिकारी शिकारीला गेला असता त्याला ही लेणी दिसली. आसपासच्या लोकांना ती ठाऊक होती, पण बाहेरच्या जगाला नव्हती. पुढे १८४४ साली कंपनी सरकारनं रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याला तिथल्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती रंगवायला पाठवलं. गिल वर्षानुवर्षं तिथे राबला. त्याच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत जळाल्या. पण त्यानं कॅमेराही हाती घेतला होता. त्यानं काढलेले लेण्यांचे फोटो १८६४ साली जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह पुस्तकात छापले गेले आणि ज्यांनी हिंदुस्थान कधी पाहिला नव्हता त्यांच्यापर्यंत अजिंठा पोहोचला.

इथे मुलांना थांबवून विचारा : "त्या फोटोंत काय नसेल?" कुणीतरी नक्की म्हणतं, "रंग!" बरोबर. अजिंठ्याची कीर्ती रंगीत चित्रांची, आणि फोटो एकरंगी. म्हणजे फोटो पाहूनही जाण्यासाठी काहीतरी उरलं होतं. आजच्या फोटोत रंग भरपूर असतात, कधी कधी मूळ जागेपेक्षाही जास्त. मग आज जाण्यासाठी काय उरतं? ते शोधण्यासाठी पुढचे पाच प्रश्न.

फोटोला विचारायचे पाच प्रश्न

१. हा फोटो केव्हाचा आहे?

जून २०२० मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि ते फोटो जगभर फिरले. हे फोटो अजूनही फिरतात. ते पाहून एखादं कुटुंब डिसेंबरात लोणारला गेलं तर त्यांना हिरवट पाणी दिसेल आणि मुलं म्हणतील, "फोटो खोटा होता." फोटो खोटा नव्हता. त्या उन्हाळ्यात पाणी आटलं, खारटपणा वाढला आणि खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे रंग बदलला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनं पाण्याचे नमुने तपासून हे सांगितलं. पाऊस आला, पाणी वाढलं, रंग गेला. फोटो खरा होता, पण जूनचा होता.

कास पठाराचंही तसंच. साताऱ्याजवळचं हे पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारसा यादीत गेलं. फुलांचा बहर साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत. आपल्या सहली निघतात डिसेंबर-जानेवारीत. तेव्हा तिथे वाळलेलं गवत असतं. फोटोखाली तारीख नसेल तर ती शोधायला लावा. हा भूगोलाचाच अभ्यास आहे.

२. हा फोटो कशानं काढला आहे?

उजनी धरणाच्या फुगवट्यावर, भिगवणजवळ, हिवाळ्यात रोहित पक्षी येतात. फोटोत त्याच्या डोळ्याचा रंगसुद्धा दिसतो. मुलं होडीत बसतात आणि लांबवर पांढुरक्या ठिपक्यांची रांग दिसते. हिरमुसतात बिचारी. तो फोटो हातभर लांबीच्या लेन्सनं काढलेला असतो, हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. आधी सांगितलं आणि वर्गाला एक दुर्बीण दिली, तर तेच ठिपके मजेदार होतात. रोहित पाण्यात उभा असताना फिका दिसतो, पंख उघडले की लाल रंग पेटतो. त्याला अग्निपंख का म्हणतात ते तेव्हा कळतं आणि तो थवा उडेपर्यंत मुलं श्वास रोखून बसतात.

काजव्यांचे फोटोही असेच. भंडारदरा परिसरात मे अखेरीस ते पावसाच्या तोंडावर झाडं काजव्यांनी लुकलुकतात. पण फोटोत दिसतात तेवढे हजारो ठिपके डोळ्यांना एकाच क्षणी कधीच दिसत नाहीत. कॅमेरा बराच वेळ उघडा ठेवून घेतलेले अनेक फोटो एकावर एक चढवलेले असतात. पालकांनी हे मुलांना निघण्याआधीच सांगावं. आणखी एक सांगावं : काजव्याचा उजेड हा जोडीदाराला दिलेला निरोप असतो. आपण मोबाईलचा टॉर्च लावला की तो निरोप पोहोचत नाही. तिथे अंधारात, हात धरून, गप्प उभं राहायचं असतं.

३. कुठे उभं राहून काढला आहे?

या प्रश्नामुळे मुलं नकाशा वापरायला शिकतात. वेरूळच्या कैलास लेण्याचा वरून काढलेला फोटो दाखवा. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिल्या कृष्णाच्या काळात हे मंदिर अखंड डोंगरातून वरून खाली कोरत आणलं. खाली अंगणात उभं राहिलं की ते नेहमीच्या बांधलेल्या मंदिरासारखं वाटतं. वरून पाहिलं की कळतं, आधी कळस झाला आणि मग पाया! म्हणजे फोटो काढणारा कुठे उभा होता यावर आपल्याला काय समजलं हे ठरतं.

याच प्रश्नात सुरक्षिततेचा धडा आहे. ड्रोनमधून काढलेला फोटो मुलाला कड्याच्या टोकावर नेऊ शकतो, कारण त्याला वाटतं, फोटो काढणारा तिथेच उभा होता. तिथे कुणीही उभं नव्हतं, हे मुलानं स्वतः शोधून काढलं तर आपल्या दहा सूचनांपेक्षा ते जास्त लक्षात राहतं.

४. चौकटीच्या बाहेर काय आहे?

जुन्नर तालुक्यातला नाणेघाट आता 'उलटा धबधबा' म्हणून ओळखला जातो. कोकणातून वर येणारा जोराचा वारा पडणारं पाणी परत वर उडवतो. दृश्य खरोखर पाहण्यासारखं आहे. पण त्या फोटोच्या चौकटीबाहेर, त्याच घाटात, एक लेणं आहे. त्याच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लिपीतला लेख आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा. यज्ञांत किती गाई, किती घोडे, किती नाणी दान दिली ते त्यात आकड्यांत कोरलं आहे. शेकड्यांचे आणि हजारांचे आकडे आहेत, शून्याचं चिन्ह मात्र नाही. आता गणिताच्या शिक्षकांनी सांगावं, याहून चांगली सहल कुठली? शून्य न वापरता हजार कसे लिहिले असतील, हा प्रश्न वर्गात फळ्यावर लिहून मुलांना तिथे न्या. धबधब्याला पावसाळ्यात तुफान गर्दी असते. लेख मात्र हिवाळ्यातही तिथेच असतो.

चौकटीबाहेर धोकाही असतो. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे अनेक महाविद्यालयीन विद्यार्थी बुडाले. समुद्राच्या कुठल्याही सुंदर फोटोत भरती-ओहोटीचं वेळापत्रक नसतं, वाळूखालचा खड्डा नसतो, ओढ नसते. किनाऱ्याची सहल ठरवताना 'चौकटीबाहेर काय?' या रकान्यात मुलांनी त्या दिवशीच्या भरतीची वेळ लिहिलीच पाहिजे, आणि स्थानिक कोळी बांधवांना विचारल्याशिवाय पाण्यात पाऊल टाकायचं नाही हेही.

५. या फोटोतून मला काय कळत नाही?

हा शेवटचा आणि खरा प्रश्न. पहिले चार प्रश्न विचारून झाले की बऱ्याच फोटोंतली हवा जाते. "अरे, इथे नुसता फोटोच काढायचा आहे," असं मुलं आपणहून म्हणतात. काही फोटो मात्र उलटे वागतात. जितकं वाचावं तितके प्रश्न वाढत जातात. तीच सहलीची जागा.

वर्गात कसं घ्यायचं?

साहित्य : जुनी कॅलेंडरं, वर्तमानपत्रांच्या पुरवण्या, पाठ्यपुस्तकांतली चित्रं, एसटी स्थानकावर किंवा पर्यटन कार्यालयात मिळणारी पत्रकं. प्रत्येक मुलाकडे मोबाईल हवाच असं नाही. शिक्षकांच्या एका मोबाईलवर काम भागतं.

पहिली तासिका : पाच-पाच मुलांचे गट करा. प्रत्येक गटाला आपल्या आवडीचा एक फोटो आणायला आदल्या दिवशी सांगा. वहीच्या पानावर पाच रकाने आखून घ्या : केव्हा, कशानं, कुठून, बाहेर काय, काय कळत नाही. उत्तर माहीत नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा, मनानं भरायचा नाही. हा नियम फार महत्त्वाचा. रिकामे रकाने हाच गृहपाठ.

दुसरी तासिका : गटांनी घरी, ग्रंथालयात, मोठ्या माणसांना विचारून शोधलेली उत्तरं सांगायची. मग मतदान. पण मत ठिकाणाला द्यायचं नाही, प्रश्नाला द्यायचं! फळ्यावर ठिकाणांची नावं न लिहिता फक्त प्रश्न लिहा. "शून्याशिवाय हजार कसे लिहिले?" "डोंगर वरून खाली कोरताना चूक झाली तर काय करत असतील?" "सरोवराचं पाणी खारट कसं, इथे तर समुद्र नाही?" ज्या प्रश्नाला जास्त हात, तिथे सहल.

समजा लोणार ठरलं. मग पंधरा दिवस आधीपासून सगळे विषय कामाला लागतात. विवराचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर, तर काठानं एक फेरी किती? मुलं ३.१४ नं गुणून साडेपाच किलोमीटरच्या पुढे जातात आणि मग आपणहून विचारतात, "एवढं चालायला किती वेळ लागेल?" विज्ञानाच्या तासाला लिटमस कागद, इतिहासाच्या तासाला लोणार गावातलं दैत्यसूदन मंदिर, भाषेच्या तासाला लोणासुराची कथा. आकाशातून काढलेला विवराचा फोटो वर्गात लावून ठेवा आणि सहलीला निघायच्या दिवशी त्यावर मुलांना स्वतःची वाट पेन्सिलीनं काढायला सांगा.

एक व्यवहाराची गोष्टही याच तासिकेत शिकवा. अजिंठा लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळ मंगळवारी. हे कुठल्याही फोटोत लिहिलेलं नसतं आणि बंद दारासमोर पन्नास मुलं घेऊन उभं राहण्यासारखी फजिती नाही.

पालकांसाठी दोन शब्द

सुंदर फोटोंची ठिकाणं बहुधा लांबची आणि महागडी असतात. वर्गात सहलीची रक्कम जाहीर झाली की काही मुलं मान खाली घालतात आणि दुसऱ्या दिवशी सांगतात, "मला बस लागते, मी येणार नाही." खरं कारण आपल्या सगळ्यांना कळतं. प्रश्नाला मत देण्याचा मोठा फायदा इथे होतो. प्रश्न जवळही सापडतो.

साताऱ्याजवळ लिंब गावात बारामोटेची विहीर आहे. शाहू महाराजांच्या काळातली. एकाच वेळी बारा मोटा चालाव्यात अशी तिची बांधणी, आणि विहिरीच्या पोटातच छोटा महाल. पायऱ्या उतरून आत गेलं की बाहेरच्या उन्हाचा विसर पडतो. अशा बारवा महाराष्ट्रभर आहेत, कित्येक गावांत झाडोऱ्यात बुजलेल्या. अलीकडे लोक त्यांचे फोटो काढून, नकाशावर जागा दाखवून एकमेकांना कळवू लागले आणि काही ठिकाणी गावकऱ्यांनी श्रमदानानं गाळ उपसला. फोटो पाहून माणसं गेली आणि जागा खराब होण्याऐवजी सुधारली, असंही घडतं! आपल्या तालुक्यातली बारव शोधा. खर्च एसटीच्या तिकिटाएवढा, आणि एकही मूल मागे राहणार नाही.

घरच्या सहलीलाही हेच करून बघा. मुलानं फोटो दाखवून "इथे जाऊ या" म्हटलं की लगेच हो किंवा नाही म्हणू नका. "तिथे गेल्यावर तुला काय शोधायचंय?" एवढंच विचारा. उत्तर यायला दोन दिवस लागले तरी चालतील. आणि आजी-आजोबांच्या पेटीतला पंढरपूरचा, जेजुरीचा जुना कृष्णधवल फोटो काढा. घाट तोच आहे का, मागची झाडं कुठे गेली, आजीच्या शेजारी उभी कोण? तो फोटो हातात घेऊन त्याच जागी जाणं ही एक सुंदर सहल आहे, आणि तिची वाट सांगायला आजी सोबत हवीच.

सहलीच्या दिवशी फोटोचे नियम

१. पोहोचल्यावर पहिली पंधरा मिनिटं मोबाईल पिशवीत. आधी डोळ्यांनी बघायचं, कानांनी ऐकायचं.

२. एका गटाला बाराच फोटो. मोजून. फोटो मोजके असले की मुलं आधी विचार करतात आणि गटात भांडून ठरवतात. ते भांडण होऊ द्या.

३. बारांपैकी एक फोटो आपल्या प्रश्नाच्या उत्तराचा हवा. एक, प्रसिद्ध फोटोच्या चौकटीबाहेर काय आहे त्याचा. आणि एक, ज्याच्याकडे कुणी कॅमेरा वळवत नाही अशा गोष्टीचा : पहारेकरी काका, पाण्याचा माठ, पायरीवरची झीज. माणसाचा फोटो काढण्याआधी विचारायचं, "काका, काढू का?"

४. अजिंठ्याच्या चित्रांसमोर फ्लॅश नाही. पक्ष्यांच्या मागे धावायचं नाही. फुलांत बसायचं नाही. कठड्यापलीकडे पाय नाही.

५. प्रत्येक फोटोची तारीख, वेळ आणि कुठे उभं राहून काढला हे वहीत लिहायचं. पुढच्या वर्षीच्या वर्गाला तेच साहित्य म्हणून वापरता येईल.

पाठ जमला हे कसं ओळखायचं?

सहलीनंतर निबंध लिहायला सांगतो, तेव्हा "आम्ही सकाळी सहा वाजता शाळेत जमलो" इथून सुरू होऊन "अशा प्रकारे आमची सहल आनंदात पार पडली" इथे संपणारे चाळीस निबंध आपण सगळ्यांनीच तपासले आहेत. या वेळी तो निबंध देऊ नका. प्रत्येकाला एकच काम द्या : 'निघण्याआधी पाहिलेल्या फोटोत जे नव्हतं आणि मला तिथे मिळालं, ते पाच ओळींत लिहा.'

कुणी वास लिहील, कुणी लेण्यातला गारवा. कुणी लिहील की फोटोत मोठी वाटणारी मूर्ती लहान होती, किंवा लहान वाटणारी विहीर एवढी खोल होती की खाली वाकायची भीती वाटली. कुणी नवा प्रश्न लिहील. त्या नवीन प्रश्नांचे कागद वेगळे काढून कपाटात ठेवा. पुढच्या वर्षी दिवाळीनंतर सहलीचा विषय निघेल, तेव्हा आधी ते कागद फळ्यावर लावायचे आहेत.